चार इंचीचं निम्मं

बबन गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुन्नरला, घराजवळच्या सलूनमध्ये खुर्चीत बसलो होतो. एका गालाला साबण, दुसरा मोकळा. फोन सचिनचा होता, म्हणजे बबनच्या थोरल्या भावाच्या मुलाचा. "सर, नाना गेले. सकाळी मळ्यात बांधावर बसले व्हते, तिथंच." आवाजात दुःख होतं, पण त्याहून जास्त अवघडलेपण होतं. त्याच्या घरात नानांचं नाव निघालं की सगळे गप्प होत, याला कित्येक वर्षं झाली होती. मी न्हाव्याला म्हटलं, राहू दे, पुसून टाक. तो म्हणाला, आजोबा, अर्धी दाढी घेऊन कुठं जाता, दोन मिनिटं बसा. मी बसलो. बबनच्या बाबतीत ऐन वेळी मी नेहमी असाच बसून राहिलो आहे.

दशक्रिया घोड नदीच्या घाटावर झाली. आमच्या जुन्नर-आंबेगावात दशक्रिया म्हणजे निम्मा विधी आणि निम्मी सभा. प्रवचन झालं, माइक फिरू लागला. सरपंच म्हणाले, नानांचा स्वभाव भांडखोर, पण मन निर्मळ. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, नानांचं सख्ख्या भावाशीसुद्धा पटलं नाही, पण माणूस कष्टाळू. तिसऱ्याने विनोद केला, की दर उन्हाळ्यात स्वतःचीच पाइपलाइन उकरून बघायचा नानांना छंद होता, वर जाऊनही ते काहीतरी उकरत असतील. लोक हसले. बायकांत बसलेल्या इंदूवहिनी, बबनची बायको, हसल्या नाहीत. पुढच्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसलेले दशरथदादा, बबनचा तो थोरला भाऊ, तेही हसले नाहीत. मग माइक माझ्याकडे आला. नानांचे बालमित्र, निवृत्त गणित शिक्षक, दोन शब्द बोलतील... मी काय बोललो? बबन शाळेत आट्यापाट्या फार छान खेळायचा, हे बोललो. पाटी नेहमी फुटकी असायची, हे बोललो. आणि खाली बसलो. पिंडाला कावळा शिवायला उशीर लागला, तेव्हा मागून कुणीतरी पुटपुटलं, "नाना हिथंबी आडून बसलं बघा." त्यालाही लोक हसले आणि मीही, लाजेकाजेस्तव का होईना, ओठ हलवले.

त्या माइकवर बोलायचं होतं ते आता इथे लिहितो. बबन भांडखोर नव्हता. त्याला पाणी कमी मिळत होतं. दशरथदादा त्याचं पाणी चोरत नव्हते. पाणी कमी दिलं होतं ते मी.

हे तीन भाऊ. मधला पुण्याला नोकरीला लागला आणि त्याने आपला वाटा दादांना दिला. त्यामुळे वाटणीत दादांची जमीन बबनच्या दुप्पट झाली, यात कुणाची तक्रार नव्हती. प्रश्न पाण्याचा होता. नदीवरची मोटर पाणी उपसून वरच्या बांधावरच्या हौदात टाकायची आणि हौदातून एकच चार इंची लाइन रानात जायची. पाळ्या लावल्या तर विजेचा भरवसा नाही. एकाच्या पाळीला लाइट असायची, दुसऱ्याची पाळी कोरडीच जायची. म्हणून असं ठरलं, की हौदाच्या भिंतीला एकाच उंचीवर दोन तोंडं ठेवायची, हौद भरला की दोघांनाही एकदम पाणी सुटेल. दादांचं तोंड जुनंच, चार इंची. बबनचं किती ठेवायचं एवढंच पंचांनी सांगायचं होतं. मी तेव्हा मंचरकडे हायस्कुलात गणित शिकवत होतो. वयाने पंचांत सगळ्यात लहान, पण हिशोबाचा माणूस म्हणून दोघा भावांनी मला आवर्जून बोलावलं होतं.

मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. जमीन निम्मी, तर पाणी निम्मं, आणि चाराचं निम्मं दोन. दादांनी दुकानातून लोखंडी पाइपाचे निरनिराळ्या मापांचे तुकडे आणून ठेवले होते. बबनने दोन इंची तुकडा उचलला, डोळ्याला लावला आणि त्यातून आभाळाकडे पाहिलं. "मास्तर, लई बारीक दिसतंय रं हे." मी शिक्षक झाल्यापासून तो मला मास्तरच म्हणायचा, थोडं कौतुकाने, थोडं चिडवायला. कुणीतरी म्हणालं, बबन, दुर्बीण न्हाई ती, खाली ठेव. सगळे हसले. बबनचा चेहरा मात्र पडलेला होता. त्याची खात्री पटावी म्हणून मी सुतळी मागवली. चार इंची पाइपाभोवती सुतळीचा एक वेढा घेतला, तेवढी कापली, मधोमध दुमडली आणि ती दुमडलेली सुतळी दोन इंची पाइपाभोवती गुंडाळली. पाइपाच्या जाडीमुळे करंगळीच्या रुंदीएवढी कमी पडली. म्हणजे दोन इंची पाइप निम्म्याहून किंचित मोठाच निघाला. एक म्हातारे पंच खूश होऊन म्हणाले, "घे, उलट तुलाच करंगळीभर जास्ती. आन् सुतळीला काय भाऊबंद नसत्यात बाबा." बबनने ती सुतळी बोटाला गुंडाळत माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याला पटलं. सगळ्यांना पटलं. मला तर शिकवल्याचं समाधान वाटलं.

पहिल्याच उन्हाळ्यात बबनच्या खालच्या वाफ्यांना पाणी पोचेना. दादांचा ऊस, बटाटा हिरवागार, आणि त्याच हौदाच्या पाण्यावर बबनचा कांदा पिवळा. त्याने आधी दम धरला. मग म्हणू लागला, दादा व्हॉल फिरवतो. हौदाच्या दोन्ही तोंडांना व्हॉल्व्ह होते आणि हौद दादांच्या हद्दीत, त्यामुळे संशय यायला जागा होती. दादांनी व्हॉल्व्हला कुलूप लावून किल्ली बबनकडे दिली, तरी पाणी तेवढंच. मग बबन म्हणाला, दुसरी किल्ली असंल. एकदा गावच्या यात्रेत, पाहुण्यारावळ्यांच्या देखत, तो दादांना चोर म्हणाला. दादा स्वभावाने ताठ आणि व्यवहाराला चोख, त्यांनी आयुष्यात कुणाची काडी उचलली नसेल. ते त्या दिवशी जे घरात गेले ते पुन्हा बबनशी बोलले नाहीत. सचिनच्या लग्नाचा मांडव बबनच्या दारापासून हाकेवर होता, पण बबन त्या दिवशी मंचरच्या बाजारात दिवसभर फिरत राहिला. गावाने आपला निकाल देऊन टाकला होता. पंचांनी मोजून दिलं, सुतळीने मोजून दिलं, तरी याची कुरकुर. स्वभावच तसा.

काही वर्षांनी माझी बदली जुन्नरला झाली. तिथे एका दुपारी मी नववीला वर्तुळ शिकवत होतो. दरवर्षीसारखी फळ्यावर दोन वर्तुळं काढली, एकाची त्रिज्या एक, दुसऱ्याची दोन. विचारलं, त्रिज्या दुप्पट केली तर परीघ किती होईल? वर्ग एकसुरात म्हणाला, दुप्पट. आणि क्षेत्रफळ? चौपट. ही प्रश्नोत्तरं मी कितीतरी वर्षं करत आलो होतो, वाटणीच्या आधीपासून. त्या दिवशी मात्र ती फळ्यावरची वर्तुळं मला हौदाच्या भिंतीतल्या दोन तोंडांसारखी दिसली आणि माझा खडू तसाच हातात राहिला.

सुतळीने मी परीघ मोजला होता. परीघ निम्मा होता यात खोटं काही नव्हतं. पण पाणी काही पाइपाच्या कडेवरून चालत जात नाही, आतल्या पोकळीतून जातं. चार इंचीची त्रिज्या दोन, तिचा वर्ग चार, त्याला बावीस सप्तमांशाने गुणलं की साधारण साडेबारा चौरस इंच. दोन इंचीची त्रिज्या एक, वर्गही एकच, म्हणजे क्षेत्रफळ तीन आणि वर थोडंसं. निम्मं नव्हे, चौथाई. शिवाय बारीक पाइपात पाणी अडखळत जातं ते वेगळंच. बबनला दादांच्या निम्मं द्यायचं तर सव्वासहा चौरस इंचाचं तोंड हवं होतं आणि त्याला सगळ्यात जवळचा पाइप होता तीन इंची. दोनाच्या जागी तीन म्हटलं असतं तर संपलं होतं.

या गोष्टीची चीड अजून जात नाही. खुंटाला बांधलेला घोडा किती गवत खाईल हे मी शेकडो पोरांना अचूक काढून दाखवलं, आणि सख्ख्या मित्राच्या रानात किती पाणी जाईल हे मला काढता आलं नाही. शाळेतलं गणित शाळेत ठेवून, पायताण घालून मी गावात गेलो होतो. तिथे मला ना त्रिज्या आठवली ना वर्ग, तिथे चाराचं निम्मं दोन एवढंच आठवलं. आणि राग एकट्या माझ्यावर नाही. माझ्या हाताखालून गेलेली पोरं इंजिनीअर झाली, ओव्हरसीअर झाली, रोज त्या हौदावरून ये-जा करत राहिली. दोन तोंडं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. एकालाही हटकावंसं वाटलं नाही, कारण मोजणारा गणिताचा मास्तर होता.

चूक कळल्यावर त्याच रविवारी गावी जाऊन सांगायला हवं होतं. मी एक रविवार जाऊ दिला, मग दुसरा. दिवाळीत सांगू म्हटलं, दिवाळीत घरी पाहुणे होते. पुढे पुढे तर असं वाटू लागलं, की भांडण आता पाण्याचं राहिलंच नाही, अब्रूचं झालंय, पाइप बदलून काय होणार... माणूस स्वतःला काय काय पटवतो.

आणि मग बबन स्वतःच आला. संकष्टीला लेण्याद्रीच्या दर्शनाला म्हणून आला, माझ्याकडे बटाट्याची पिशवी टाकली आणि म्हणाला, चल मास्तर, संगं चल. दर्शन घेऊन उतरताना आम्ही मध्येच एका पायरीवर टेकलो. माकडं त्याच्या हातातल्या नारळावर टपून होती, तो त्यांना हुसकावत होता. हुसकावता हुसकावता, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, "मास्तर, येक इचारतो. खरं सांग. ती दोन इंची चाराच्या निम्मं पाणी देती का न्हाई? मी दादाला चोर म्हणलोय, चार लोकांत म्हणलोय. पाइपच कमी देत आसंल तर आत्ता जाऊन पाय धरतो त्येचं. तू गणितातला. तू म्हणशील ते खरं."

याहून सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल. उत्तरासाठी कागदसुद्धा लागत नव्हता. मी म्हणालो, "देते की. सुतळीनं मोजलं होतं ना आपण."

त्याने मान हलवली. मग नारळ माकडापुढे टाकून दिला आणि म्हणाला, "मंग ठीक हाय." खाली उतरून मी त्याला एसटीत बसवून दिलं. त्यानंतर त्याने पाण्याचा विषय माझ्यापाशी कधी काढला नाही. दादांना चोर म्हणणंही त्याने बंद केलं, असं कानावर आलं. मला वाटलं, चला, थंडावला. पुढच्या उन्हाळ्यापासून तो स्वतःची लाइन उकरू लागल्याचे किस्से ऐकू यायला लागले. मीही ते इतरांसारखे ऐकले, त्याच्या तऱ्हेवाईकपणात जमा केले. खरं सांगायचं तर कधीकधी मला त्याचाच राग यायचा. दुसऱ्या कुणाला विचारायचं होतं. पाइपच्या दुकानदाराला विचारायचं होतं. इतका विश्वास कशाला टाकायचा एखाद्यावर?

दशक्रियेनंतर दोन-तीन आठवड्यांनी सचिनशी फोनवर बोलताना कळलं, की हौद फुटायला आलाय, तो नवीन बांधून दोन्ही घरांच्या लाइनी नव्याने टाकणार आहेत. मी विचारलं, इंदूकाकूंची काय टाकणार? तो सहज म्हणाला, दोन इंचीच, पंचांनी ठरवून दिलंय तीच. मी दुसऱ्या दिवशी निघालो. आधी जुन्नरमध्येच एका वर्कशॉपात दोन इंची आणि चार इंची लोखंडी पाइपाचे वीत-वीत उंचीचे तुकडे कापून घेतले, खाली पत्रा जोडून घेतला. नुसत्या बोलण्यावर माझं कुणी ऐकेल असं मला वाटेना, आणि खरं तर नुसतं बोलण्याची माझी छाती नव्हती.

दादांच्या ओट्यावर बसलो. इंदूवहिनींना मुद्दाम बोलावून घेतलं. इतक्या वर्षांत त्या अंगणात त्या बबन गेल्यावरच पहिल्यांदा आल्या होत्या, त्यामुळे खांबाशी उभ्याच राहिल्या. मी कळशी मागितली. बारीक पाइप भरून जाड्यात ओतला. एकदा, दोनदा. दुसऱ्या वेळेला जाड पाइप भरायला हवा होता, तो अर्ध्यावरच राहिला. चौथ्यांदा काठाला आला. सचिनने मोबाइल खाली ठेवला होता. मग मी सगळं सांगितलं, सुतळीचं, वर्गातलं, लेण्याद्रीच्या पायरीवरचं. सांगताना दादांकडे बघायचं टाळत होतो.

दादा पंच्याऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येतं. पण हे सगळं त्यांना ऐकू आलं. ते म्हणाले, "म्हंजी मी चोर न्हवतो."

"नाही, दादा."

"त्ये तर मला ठावं हाय. पर त्योबी खोटा न्हवता. मास्तर, मंग आमी भांडलो कशापायी रं?"

खांबाशी उभ्या इंदूवहिनींनी विचारलं, "भावजी, तुमी त्यांला पुरं पानी येतं म्हनून सांगितलं व्हतं? लेण्याद्रीला?" मी हो म्हणालो. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तरीच. तिथनं आले ते म्हनले, मास्तर खोटं सांगायचा न्हाई, पाइप पुरं पानी देतो. दादाबी किल्ली देऊन बसलाय. म्हंजी गळती आपल्याच हद्दीत हाय कुठंतरी. दरसाली उकरायचे. मी म्हनायची, लोक हसत्यात, सोडा आता. तर म्हनायचे, एकदा गळती घावू दे, मग ती दावायला दादाला घिऊन येतो, त्याबिगर कोंच्या तोंडानं जाऊ त्येच्याकडं?"

म्हणजे तो आयुष्यभर नसलेली गळती शोधत होता. भावाची माफी मागायला त्याला एक कारण हवं होतं, ते माझ्याकडे होतं, आणि मी ते त्याला मागूनही दिलं नाही.

सचिन भला मुलगा आहे. वातावरण निवळावं म्हणून म्हणाला, की आता सगळीकडे ड्रिप आहे, काकूंना दोन इंची सहज पुरेल, तीन इंची म्हणजे उगाच. गणिताने त्याचं बरोबर होतं. इतक्या वर्षांनी खरं सांगितलं आणि त्याचा आता उपयोगही उरलेला नाही, हे ऐकून मला स्वतःच्याच डोक्यात ते लोखंडी पाइप घालावेसे वाटले. पण दादांनी काठी ओट्यावर आपटली. "तीन इंची आण. वापरंल न्हाईतर वड्याला सोडून दील. तिचं पानी हाय." आणि वहिनींना म्हणाले, "बस की गं, कवाची उभी हाईस." वहिनी ओट्याच्या कडेला टेकल्या. मला कुणी थांब म्हणालं नाही, जाही म्हणालं नाही. दादा त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. ते मला मान्य आहे.

आता तीन इंची लाइन टाकून झाली आहे. चर खणताना बबनची जुनी लाइन वर निघाली, तेव्हा मी तिथे होतो. एवढे जोड मी कुठल्याच पाइपाला पाहिले नाहीत. जिथे जिथे त्याने कापून आत पाहिलं होतं, तिथे पुन्हा कपलिंग, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, पट्टीवर तार, आणि तारेचं टोक आत वळवून दाबलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. भंगारवाला टेम्पो घेऊन आला होता. वहिनींनी त्यातला एक लांब तुकडा काढून घेतला. तो आता त्यांच्या दारात मांडवाला आडवा बांधला आहे आणि त्याच्यावर घोसाळ्याचा वेल सोडला आहे. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा त्या आत चहा टाकत होत्या, आणि मी मांडवाखाली उभा राहून ते जोड एकेक करून चाचपत होतो. ट्यूबवरून बोट फिरवत होतो, फट लागते का बघत होतो. वहिनी कपबशी घेऊन बाहेर आल्या.

"नका शोधू, भावजी," त्या म्हणाल्या. "त्यांनी समदं बघितलंय."